'व्हेरी'चं पूर्वायुष्य आणि इतर भानगडी

ऑगस्ट २०१३ मध्ये विलायतेत केवढा गहजब झाला होता! राजघराण्यातलं काही नव्हे, मंत्रिमंडळातलंही नव्हे. एका क्रियाविशेषणाचं बिंग फुटलं होतं. 'लिटरली' त्याचं नाव. घराणं लॅटिन, स्वभाव काटेकोर, अक्षर न् अक्षर खरं बोलण्याबद्दल ख्याती. आणि ते चक्क थापा मारताना सापडलं. बरं, सापडलं कुठे? ऑक्सफर्डच्या कोशात! बोलताना हा शब्द नुसता जोर आणायलाही वापरतात, मग सांगितलेली गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, असं कोशकारांनी नोंदीत सरळ लिहून टाकलं होतं. म्हणजे 'हसून हसून मी लिटरली मेले' असं सांगणारी बाई समोर बसून दुसरा समोसा खात असली तरी कोशाची हरकत नाही.

झालं. इंग्रजी पेपरांनी ऊर बडवायला घेतला. भाषा बुडाली, शाळा बुडाल्या, आता 'हो' म्हणजे 'नाही' व्हायचं तेवढं राहिलंय, वगैरे. या रडारडीत एक बारीकसा तपशील कुणी फारसा पुढे येऊ दिला नाही. कोशाने ती भर २०११ मध्येच घातली होती. दोन वर्षं हे भाषेचे रखवालदार त्या पानाकडे फिरकलेच नव्हते. त्याहून मजा म्हणजे याच कोशाच्या पहिल्या आवृत्तीत, १९०३ साली, या वापराची नोंद कपाळाला आठ्या घालून का होईना, पण झालेली होती. एकशे दहा वर्षांनी धक्का! इतका सावकाश बसणारा धक्का मी तरी पाहिलेला नाही.

जरा शेजारीपाजारी चौकशी केली तर काय काय बाहेर येतं बघा. फ्रान्सिस ब्रुक नावाच्या बाई नवऱ्याबरोबर कॅनडात राहून आल्या आणि १७६९ मध्ये त्यांनी 'द हिस्टरी ऑफ एमिली माँटेग्यू' ही कादंबरी छापली. तिच्यात नव्याने आलेल्या एका पाहुण्याला सुंदर बायकांच्या मेळाव्यात बसायला मिळतं, तर ते 'लिटरली' लिलीच्या फुलांत चरण्यासारखं आहे, असा शेरा आहे. पाहुणा काही फुलं खात नव्हता. मार्क ट्वेनचा टॉम सॉयर (१८७६) कुंपण रंगवायचं काम इतर पोरांच्या गळ्यात मारतो आणि 'लिटरली' संपत्तीत लोळतो. संपत्ती म्हणजे काय, तर गोट्या, एक पतंग आणि फिरवायला दोरी बांधलेला मेलेला उंदीर. जेम्स जॉइसची 'द डेड' तर सुरूच होते ती पाहुण्यांची सरबराई करून 'लिटरली' पायांचे तुकडे पडलेल्या एका पोरीपासून. पाय जागेवर होते, वाचकहो. इकडे लेखक अँब्रोज बिअर्स १९०९ मध्ये आणि कोशकार फाउलर १९२६ मध्ये या शब्दाच्या नावाने खडे फोडत होते. ओरडणारे ओरडत राहिले, लिहिणारे लिहीत राहिले.

पण 'लिटरली'ची बातमी शिळी झाली. मला सांगायचंय ते 'व्हेरी'बद्दल.

होय, तीच ती गरीब, सालस 'व्हेरी'. शाळेत पहिल्यांदा 'व्हेरी गुड' मिळालं तेव्हापासून आपण जिला ओळखतो ती. वहीत लाल शाईने, खाली शिक्षकांची सही. हिच्यावर कोण संशय घेईल? तर हिचं माहेर आहे जुनी फ्रेंच भाषा, तिथलं नाव 'व्हेराय', आणि त्याआधीचं मूळ लॅटिनमध्ये. अर्थ एकच, 'खरा'. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या सरदाराला 'व्हेरी' म्हटलं तेव्हा त्याला 'फार' म्हणायचं नव्हतं, 'खराखुरा' म्हणायचं होतं. पुढे लोकांनी ती 'खरंच चांगला', 'खरंच मोठा' अशी वापरून वापरून इतकी झिजवली की खऱ्याचा लवलेश उरला नाही आणि नुसतं 'फार' शिल्लक राहिलं. कळलं ना मी काय म्हणतेय ते? 'लिटरली'ने जे केलं तेच तंतोतंत 'व्हेरी'ने काही शतकं आधी केलं, आणि आज ती वहीच्या पानावर सोवळं नेसून बसली आहे. तिच्या मागोमाग 'ट्रूली' गेली, 'रिअली' गेली. सगळ्या खरं बोलण्याची शपथ घेऊन घरातून निघालेल्या. ज्यांनी २०१३ मध्ये पेपरात पत्रं पाठवली त्यांनी 'आय ॲम व्हेरी अँग्री' असं लिहिलं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

दुसरं एक घराणं भीतीचं. 'ऑफुली', 'टेरिबली', 'ड्रेडफुली', 'फ्राइटफुली', 'हॉरिबली'. एकेकाळी यांची नावं काढली की माणसाची बोबडी वळायची. 'ऑ' म्हणजे देवापुढे उभं राहिल्यावर अंगावर येणारा काटा. आज साहेबाची बायको चहाच्या कपाकडे बघून 'ऑफुली नाइस' म्हणते. काटा नाही, कंप नाही, फार तर साखर थोडी कमी. या भागात आपण मात्र तोंड उघडू नये हे बरं, कारण 'भयंकर गोड बाळ आहे हो' असं म्हणणारी माणसं कुठल्या मुलखात राहतात हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय आपल्याकडे एखादी गोष्ट 'अशक्य सुंदर' असते, आणि समोर उभी असते.

आता या सगळ्या चावटपणाचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं? इंग्रज पुरुषांनी हा प्रश्न फार लवकर सोडवला. बायकांच्या!

१७५४ सालची गोष्ट. लॉर्ड चेस्टरफील्ड, किताबाने अर्ल, म्हणजे मुलाला शिष्टाचाराची पत्रं लिहून लिहून अमर झालेले गृहस्थ. डॉक्टर जॉन्सनचा इंग्रजी कोश पुढल्या वर्षी यायचा होता, म्हणून यांनी 'द वर्ल्ड' नावाच्या साप्ताहिकात त्याची भलामण करणारे दोन लेख लिहिले. दुसऱ्या लेखात स्वारी बायकांच्या बोलण्यावर घसरली. बायका भाषेत भर घालतात याबद्दल उपरोधाने त्यांची पाठ थोपटत ते सांगतात की हल्ली 'वास्ट' आणि 'वास्टली' या शब्दांची साथ आली आहे. राग आला तरी वास्टली, आनंद झाला तरी वास्टली. एका मैफलीत म्हणे तपकिरीची सोन्याची डबी निघाली. अगदी इवलीशी. ती पाहून एका सुंदर बाईंनी मत दिलं की डबी वास्टली सुरेख आहे, कारण ती वास्टली लहान आहे. वास्ट म्हणजे विशाल, अफाट. अफाट लहान डबी! अर्लसाहेबांचे डोळे पांढरे. जॉन्सननी या शब्दाला काही हद्द घालून द्यावी, अशी त्यांनी जाहीर विनंती केली.

या डबीवर मी बराच विचार केला आहे आणि माझं मत बाईंच्या बाजूने पडतं. चिमटीत मावेल एवढी सोन्याची डबी, तिच्यावर कोरीव काम, झाकण इतकं नाजूक की तपकीर काढावी की डबीच ओढावी असा प्रश्न. ती बघून माणूस 'काहीशी लहान' म्हणेल का? लहानपणाचीही एक हद्द असते आणि ही डबी त्या हद्दीच्या पार गेली होती, एवढंच बाईंना सांगायचं होतं. आणि ते त्यांनी एका शब्दात सांगितलं. अर्लसाहेबांना त्यासाठी लेख लिहावा लागला. जॉन्सन तर त्यांच्यावर वेगळ्याच कारणाने भडकलेला होता. गरज होती तेव्हा दारात उभं केलं नाही आणि आता काम झाल्यावर कौतुक कसलं करता, असं त्याने पत्र लिहून सुनावलं. पुढे अर्लच्या त्या प्रसिद्ध शिष्टाचारपत्रांबद्दल तो जे बोलला ते घरगुती अंकात छापता येणार नाही.

पण डबीचा किस्सा जगला. डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन यांनी १९२२ मध्ये भाषेवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात 'बाई' नावाचं स्वतंत्र प्रकरण ठेवलं ('बुवा' नावाचं प्रकरण नाही, शोधू नका) आणि चेस्टरफील्डची साक्ष तिथे पुन्हा काढली. 'सो' या क्रियाविशेषणाचा उलगडा तर त्यांनी असा केला की ऐकतच राहावं. बायका 'सो चार्मिंग' म्हणून थांबतात, कारण बोलायला लागण्यापूर्वी काय बोलायचं ते त्यांनी ठरवलेलंच नसतं, म्हणून वाक्य अर्धवट राहतं. इतका मोठा व्याकरणकार! त्यांच्या घरात जेवताना कोण बोलत होतं आणि कोण मध्येच तोडत होतं, याची चौकशी करणारा कुणी भेटला नाही, एवढंच.

मग पुरुषांचं काय? सॅम्युअल पेपिस घ्या. आरमाराच्या कचेरीतला बडा अधिकारी. १६६० ते १६६९ रोजनिशी लिहिली, त्यात पान उलटावं तिथे 'माइटी'. माइटी खूश, माइटी मजेत, जेवण माइटी चांगलं. लंडनची आग आणि प्लेग दोन्ही डोळ्यांनी पाहिलेला माणूस पाव-मटणालाही 'महाबली' म्हणतो, आणि इतिहासकार म्हणतात, काय जिवंत शैली! बाईने डबीला 'वास्टली' म्हटलं की साथ, बुवाने जेवणाला 'माइटी' म्हटलं की शैली. जेन ऑस्टिनला हे सगळं दिसत असणार. तिच्या 'नॉर्दंगर ॲबी'तली इझाबेला 'अमेझिंगली'शिवाय श्वास घेत नाही, आणि ती किती पोकळ आहे हे वाचकाला तिथेच कळतं. तरी ऑस्टिनने त्यावर प्रकरण लिहिलं नाही, कादंबरी लिहिली.

विसाव्या शतकाच्या शेवटी 'फ्रेंड्स' ही मालिका आली आणि 'सो'चा सुकाळ झाला. टोरांटोच्या भाषाशास्त्रज्ञ साली टालियामाँटे यांनी एका सहकाऱ्याबरोबर त्या मालिकेचे संवाद अक्षरशः चाळणीने चाळले आणि २००५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. जोर द्यायच्या शब्दांत 'सो' पहिली, आणि ती पुरुषपात्रांपेक्षा बायकांच्या तोंडी जास्त. येस्पर्सन वरून टाळ्या वाजवत असतील. पण थांबा. याच टालियामाँटेंनी आधी इंग्लंडातल्या यॉर्क गावात माणसं बोलती करून पाहिली होती. तिथे म्हातारी मंडळी 'व्हेरी' धरून बसलेली आणि तरुणांची जीभ 'रिअली'वर. म्हणजे हा प्रकार बाई-बुवांचा कमी आणि वयाचा जास्त. नवा शब्द आला की तरुण उचलतात, म्हाताऱ्यांच्या कानात खुपतो, तोवर तरुण म्हातारे होतात. आणि गंमत अशी की नवीन म्हणून जे येतं ते पुष्कळदा नवीन नसतंच. ब्रिटनमधली पोरं 'वेल गुड', 'वेल फनी' म्हणायला लागली तेव्हा मास्तरांनी कान पिळले. 'वेल' ही तर मध्ययुगात मानाने मिरवलेली. आजीची पैठणी नातीने कपाटातून काढून नेसावी आणि आईने विचारावं की हे कसलं नवं फॅड, तसं झालं.

आता जरा खाली वाकून ऐका, कारण यापुढचा शब्द मोठ्याने घ्यायचा नाही.

११ एप्रिल १९१४. लंडनचं हिज मॅजेस्टीज थिएटर. बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन'. फुलं विकणाऱ्या एलायझाचं काम करत होत्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल, वय वर्षं एकोणपन्नास. नायिका त्यांच्या निम्म्याहून लहान. (हीदेखील एक वेगळी खमंग गोष्ट आहे, पण एकावेळी एकच.) तिसऱ्या अंकात एलायझाला उच्चवर्गीयांच्या चहापानाला आणलेलं असतं. उच्चार घासूनपुसून लख्ख केलेले, व्याकरणाला बोट ठेवायला जागा नाही. निघताना कुणी विचारतं, बागेतून चालत जाणार का? ती त्या लख्ख उच्चारात सांगते की छे, टॅक्सीने जाणार, आणि त्या 'छे'मध्ये, म्हणजे मूळच्या 'नॉट लाइकली'मध्ये, 'लाइकली'च्या आधी एक 'ब्लडी' सुळकन घुसवून जाते. सभागृह आधी अवाक् आणि मग हसून हसून बेजार. हशा थांबेपर्यंत नटांना बराच वेळ मुकाट्याने उभं राहावं लागलं.

पेपरांना मेजवानीच. हा शब्द छापायचा की नाही यावर संपादकांना घाम फुटला. सरकारी सेन्सॉरने संहिता वाचून मंजूर केली होती, हे कळल्यावर आणखी बोंब. शब्द छापायची चोरी, म्हणून गावात दुसरीच वाट निघाली: 'ब्लडी' म्हणायच्या जागी लोक 'पिग्मॅलियन' म्हणायला लागले! नाटकाचं नावच क्रियाविशेषण झालं. शॉला यापेक्षा जास्त आनंद कशानेही झाला नसेल. व्याकरणाच्या दृष्टीने बघायचं तर त्या पोरीची काहीच चूक नव्हती. विशेषणाच्या आधी जोर देणारं क्रियाविशेषण, जागा बरोबर, उच्चार शुद्ध. तिचा उच्चारगुरू प्राध्यापक हिगिन्स याने जे शिकवलं ते तिने चोख केलं, फक्त काय बोलायचं ते शिकवायचं राहून गेलं. पुलंनी हेच नाटक मराठीत आणलं, 'ती फुलराणी', १९७५. भक्ती बर्वे यांची मंजुळा ज्यांनी पाहिली ते आजही त्याबद्दल बोलताना सावरून बसतात. शुद्ध भाषेच्या हद्दीत एक अस्सल शब्द सोडून दिला की काय होतं, हे मराठी प्रेक्षकाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

तुम्हाला वाटेल, १९१४ होतं, जुना जमाना. २००६ ला या. ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन खात्याने जगभर जाहिरात लावली. समुद्र, उंट, वाळूवर उभी पोरगी, आणि शेवटी प्रेमळ चौकशी, की अहो, कुठे ब्लडी हेल राहिलात तुम्ही? ऑस्ट्रेलियन माणूस ब्लडी म्हणतो ते आपण 'अरे बाबा' म्हणावं तसं. पण ब्रिटनमधल्या टीव्ही जाहिरातींच्या पहारेकऱ्यांनी ती अडवली. नव्वद वर्षांनी पुन्हा तोच शब्द, पुन्हा तेच लाजणं! मग थोडी रदबदली होऊन बंदी सैल झाली. त्या वेळी त्या खात्याचे प्रमुख होते स्कॉट मॉरिसन, जे पुढे देशाचे पंतप्रधान झाले. आणि हेच 'ब्लडी' आता इतकं सोकावलंय की दुसऱ्या शब्दाच्या पोटात शिरून बसतं. 'ॲब्सोल्यूटली' मधोमध चिरायचं आणि आत हे भरायचं: 'ॲब्सो-ब्लडी-ल्यूटली'. भरल्या वांग्याचा हा इंग्रजी अवतार व्याकरणाच्या पुस्तकात शोधायला गेलात तर 'अंतःप्रत्यय' अशा भारदस्त नावाखाली भेटेल.

हसण्यावारी नेऊ नका, या क्रियाविशेषणांवर राष्ट्रांचं घोडं अडतं. १ एप्रिल २००१ ला अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान दक्षिण चीनच्या समुद्रावर एकमेकांना धडकली. चिनी वैमानिक गेला. अमेरिकेचं विमान हायनान बेटावर उतरलं आणि त्यातले चोवीस जण चीनच्या ताब्यात राहिले. चीनला माफी हवी होती, अमेरिकेला माफी मागायची नव्हती. सुरुवातीला खेद, दिलगिरी असं चाललं होतं, ते पुरेना. शेवटी ११ एप्रिलच्या पत्रात 'सॉरी'च्या आधी 'व्हेरी' आली. एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि एकदा परवानगीविना उतरण्याबद्दल. दोन 'व्हेरी सॉरी' मोजून घेतल्यावर माणसं सुटली. चीनने म्हटलं, माफी मिळाली. अमेरिकेने म्हटलं, आम्ही कुठे मागितली? शाळेच्या वहीतली आपली 'व्हेरी', बघा, दोन महासत्तांच्या मध्ये उभी राहून आली, आणि दोघांनाही आपापल्या घरी तोंड दाखवता येईल अशी तजवीज करून आली.

ट्रम्पसाहेबांचं 'बिगली' तुमच्या कानावर आलंच असेल. २०१६ च्या निवडणुकीत हा कसला शब्द म्हणून जग हसलं. नंतर उच्चार तपासणाऱ्यांनी सांगितलं की ते 'बिग लीग' म्हणत होते. वाईट वाटलं मला. कारण 'बिगली' हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत खरोखर होता, अर्थ 'मोठ्या जोराने', आणि पुढे तर 'फुशारकीने'. हसणाऱ्यांनी कोश उघडला असता तर मिटवला नसता.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातलं 'हेला' तर थेट प्रयोगशाळेत घुसायला निघालं होतं. तिथे पोरं 'हेला गुड' म्हणतात, म्हणजे लई भारी. एकावर सत्तावीस शून्यांच्या आकड्याला तोपर्यंत अधिकृत उपसर्ग नव्हता, किलो, मेगा, गिगासारखा. तर तिथल्या डेव्हिस विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने २०१० मध्ये मोहीम काढली, की त्याला 'हेला' म्हणा. गूगलने आपल्या गणकयंत्रात तो घालूनही टाकला. पॅरिसच्या वजनमापवाल्यांनी मात्र २०२२ मध्ये 'रोना' हा सपक शब्द पसंत केला. 'सूर्यातून बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ०.४ हेलावॉट' असं मराठी विज्ञान पुस्तकात छापून आलं असतं, हा आनंद हुकला तो हुकलाच.

लेखनगुरूंचं वेगळंच सोवळं. स्टीफन किंग २००० च्या आपल्या पुस्तकात क्रियाविशेषणांना थेट नरकाच्या रस्त्यावर पाठवतात आणि त्याच पुस्तकात स्वतःच्या हातूनही ती सांडल्याचं मान्य करतात. स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या छोटेखानी पुस्तकात 'व्हेरी', 'रादर', 'प्रिटी' यांना जळवा म्हटलंय आणि त्यांच्यापासून सावध राहा हे सांगणाऱ्या वाक्यात त्या सगळ्या जळवा मुद्दाम सोडल्या आहेत. याला म्हणतात ऐट.

आपल्याकडे ही इंग्रजी क्रियाविशेषणं कुठून आली? एकट्या 'व्हेरी'ला सोडलं तर शाळेतून नाही. लोण्यातून. १८८० च्या सुमाराला लंडनमध्ये ऑस्कर वाइल्डच्या कळपातली सौंदर्यवादी पोरं हातात लिली धरून सगळ्याला 'अटर्ली' म्हणत, म्हणजे अगदी 'अटर्ली अटर' इथपर्यंत, आणि 'पंच' साप्ताहिकात त्यांची चित्रं काढून टर उडवली जाई. १८८१ मध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हनने 'पेशन्स' नावाची आख्खी संगीतिका त्यांच्यावर लिहिली. तेच 'अटर्ली' १९६६ मध्ये मुंबईत सिल्वेस्टर डाकुन्हा यांच्या हाती लागलं. अमूलच्या लोण्याची जाहिरात करायची होती. त्यांच्या पत्नी निशा यांनी 'बटर्ली' जोडायला सुचवलं आणि ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती पोरगी गावोगावच्या फलकांवर चढली. ज्यांना इंग्रजीत पत्ता लिहिता येत नव्हता त्यांनाही 'अटर्ली' पाठ झालं. लंडनचं फॅड, मुंबईची बाई, गुजरातचं लोणी.

आज कॉलेजच्या कट्ट्यावर बसा. 'मी लिटरली रडले.' 'ॲक्च्युअली ना, तो टोटली गेलाय.' 'सिरीअसली, सो गोड!' वाक्य मराठीच, क्रियापद मराठी, अश्रूही मराठी. जोर तेवढा आयात. काही जण यावर अग्रलेख लिहितात. मला त्यात फक्त एवढंच खटकतं की घरचा माल इतका फर्मास असताना कुणी उघडून बघत नाही. आपल्याकडे तर प्रत्येक विशेषणाचा जोडीदार ठरलेला. लाल म्हटलं की भडक, पिवळं की धमक, काळं की कुट्ट, आंबट की ढाण, ओलं की चिंब, कोरडं की ठाक. बहिरा असेल तर ठार. पिवळंकुट्ट म्हणून बघा, सासू उठून येईल. इंग्रजीत 'व्हेरी' कुणाच्याही शेजारी जाऊन बसते; आपल्याकडे असं खपवून घेत नाहीत. एक 'गार' तेवढा हिरव्याच्या घरातही असतो आणि थंडाच्याही. त्याची चौकशी चालू आहे.

आणि जोर लावण्यात आपण इंग्रजांना हार जाणारे नाही, याचा दाखला आमच्या सोसायटीच्या दप्तरी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांच्या जागेत कुणीतरी स्कूटर लावत होतं. पहिलं पत्र इंग्रजीत गेलं: आपण 'स्ट्राँगली' हरकत घेतो. स्कूटर हलली नाही. दुसऱ्या पत्रात 'व्हेरी स्ट्राँगली'. तिसऱ्यात 'मोस्ट व्हेहेमंटली', त्याखाली दोन रेघा. चौथं पत्र मी स्वतः पाहिलं, कारण ते फलकावर लावलं होतं. त्यात 'एम्फॅटिकली', 'कॅटेगॉरिकली' आणि 'अनइक्विव्होकली' एका ओळीत मांडीला मांडी लावून बसले होते आणि स्कूटरचा उल्लेख करायला जागाच उरली नव्हती. सचिवांनी त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने शेरा मारला होता: 'पाहिले.'